मॉडेल देखणं झालं, सेक्शन मात्र येत नाही

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला बेसिक डिझाइन आणि ड्रॉइंग शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं पत्र आहे. शिकवायला लागून त्यांना दीड वर्ष झालंय. वर्गात ४० मुलं, स्टुडिओवर दोन शिक्षक, आठवड्यातून तीन-तीन तासांचे दोन स्टुडिओ. यंदा त्यांनी लेक्चरं जवळजवळ बंद केली आणि 'ॲक्टिव्ह लर्निंग' आणलं: गटाने मॉडेलं करणं, एकमेकांच्या कामावर चर्चा, मुलांनीच केलेली सादरीकरणं. सेमिस्टरअखेर मॉडेलं देखणी झाली. पण त्याच मॉडेलचा सेक्शन, म्हणजे इमारत मधून चिरल्यावर दिसणारं ड्रॉइंग, काढायला सांगितल्यावर निम्म्या वर्गाने एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून समोर दिसणारं ड्रॉइंग, काढून दिलं. चर्चेत बोलतात ती नेहमीची पाच-सहा मुलं. एक मुलगा तर सेमिस्टरभर एक शब्द बोललेला नाही. फीडबॅक फॉर्मवर अनेकांनी लिहिलं, 'मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात.' सोबतचे ज्येष्ठ सर म्हणतात, आधी पाया पक्का करा, मग हे खेळ. त्या विचारतात: पुढच्या सेमिस्टरला मुकाट्याने लेक्चरकडे परत जाऊ का? पहिल्या वर्षाच्या मुलांना ही पद्धत झेपतच नाही का?

मॅडम, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. निम्म्या वर्गाने सेक्शनऐवजी एलिव्हेशन काढलं, ही ती ओळ. मॉडेल करताना मुलांनी नेमकं काय काय केलं ते एकदा आठवून बघा. बोर्ड मोजला, कापला, कडा घासल्या, चिकटवला, सांधा उघडा पडला तिथे पट्टी लावली. ही इमारत मधून चिरली तर आत काय दिसेल, हा प्रश्न त्या सगळ्या कामात एकदाही समोर आला नाही. चार भिंती चिकटवायला सेक्शन कळावा लागत नाही. मुलं आठवडेच्या आठवडे राबली, पण शेवटी तुम्ही जे तपासलंत त्याचा सराव त्यांनी केलाच नव्हता.

म्हणून लेक्चर की ॲक्टिव्हिटी या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला तो प्रश्नच थोडा बाजूला सरकवायचा आहे. हात चालणं म्हणजे ॲक्टिव्ह लर्निंग, असं तुम्ही धरून चाललात असं पत्रावरून वाटतं. स्टुडिओत हात नेहमीच चालत असतात. फळ्यावरचं ड्रॉइंग जसंच्या तसं उतरवणाऱ्या मुलाचाही हात चालतो आणि तीन तास बोर्ड कापणाऱ्याचाही. मी तपासते ते वेगळं असतं: प्रत्येक मुलाला, उत्तर कळण्याआधी, स्वतःचा एक निर्णय कागदावर उतरवावा लागला का? आणि तो बरोबर होता की चूक, हे त्याला शिक्षकाने न सांगता वस्तूनेच दाखवलं का? आधी अंदाज, मग कृती, मग पडताळा. या तीनपैकी तुमच्याकडे मधली पायरी भरपूर होती.

सेक्शनचंच घेऊ, कारण पहिल्या वर्षातली ती सर्वांत अवघड उडी आहे. प्लॅन मुलांना नकाशासारखा वाटतो, एलिव्हेशन फोटोसारखं. सेक्शनसारखं मात्र त्यांनी आयुष्यात काही पाहिलेलं नसतं.

२० ठोकळे तयार करा, दोघांत एक. पॅकिंगच्या फोमचे थर चिकटवून साधारण १०० × ६० × ५० मिमीचा ठोकळा होतो. थर चिकटवण्याआधी प्रत्येकात वेगवेगळी पोकळी कापा, म्हणजे आत एखादी तिरकी नळी, एखादी पायरी, वर अरुंद आणि खाली रुंद अशी एखादी खोली तयार होते. बाहेरून फक्त दोन-तीन तोंडं दिसली पाहिजेत. ठोकळा दोन तुकड्यांत करून टाचण्यांनी जोडून ठेवा, आणि ही चीर बरोबर मध्यावर ठेवू नका. मध्यावर आणि सममित कापलं की मुलं बाह्यरेषा काढतात, ती योगायोगाने जुळते आणि काही न समजता सगळ्यांना बरोबरची खूण मिळते. मातीचेही ठोकळे करता येतात, पण ओल्या मातीत कापताना पोकळी दबते. माती थोडी घट्ट होऊ द्यावी लागते आणि सुरीऐवजी ताणलेल्या बारीक तारेने कापावी लागते. फोमचे ठोकळे एकदा केले की पुढची काही वर्षं तेच वापरता येतात.

वर्गात क्रम असा ठेवा. चीर कुठे आहे ते ठोकळ्यावर रेघ मारून दाखवायचं. प्रत्येक जोडीला मिलिमीटरच्या खुणा केलेली एक बारीक काडी द्यायची. तोंडांतून आत घालून पोकळी चाचपायला मुभा. मग पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, १:१ म्हणजे खऱ्या मापात, सेक्शनचा अंदाज काढायचा. एकट्याने, हे महत्त्वाचं. जोडीत लगेच बोलू दिलं तर चटपटीत मुलाचं उत्तर दोघांचं होऊन जातं. त्यानंतर तीन मिनिटं दोघांनी अंदाज शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते बोलायचं. मग ठोकळा उघडायचा. दहा मिनिटांत खरा सेक्शन मोजून काढायचा आणि पाच मिनिटांत स्वतःच्या अंदाजावर लाल पेनने चुका दाखवायच्या.

चुका ठरलेल्या येतात. बऱ्याच जणांनी फक्त बाहेरचा आकार काढलेला असतो, म्हणजे तुम्हाला मिळालेलं एलिव्हेशनच. काहींनी तिरकी नळी गोल काढलेली असते. तिरपी कापली गेल्यावर ती लंबगोल दिसते हे त्यांना ठोकळा उघडल्यावर कळतं. पुष्कळांनी चिरलेला भाग काढलेला असतो पण चिरेच्या मागे जे दिसतं ते सोडून दिलेलं असतं. आणि भरीव काय, पोकळ काय, हे कुणीच दाखवलेलं नसतं, कारण तशी खूण असते हे त्यांना अजून कोणी सांगितलेलंच नाही.

आता बोला. दहा-बारा मिनिटांचं लेक्चर, फळ्यावर: चिरलेल्या भागाची रेघ जाड, ०.५ ते ०.७ मिमी, मागे दिसणाऱ्याची बारीक, ०.२ किंवा ०.२५, चिरलेल्या भरीव भागात हॅच, म्हणजे तिरक्या समांतर रेघा. हेच लेक्चर तासाच्या सुरुवातीला दिलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं असतं आणि तिथेच ठेवलं असतं. आत्ता मात्र प्रत्येकाच्या समोर लाल रेघांनी भरलेला स्वतःचा कागद आहे, आणि 'हे जाड का' या प्रश्नाला त्याच्याकडे जागा तयार आहे. लगेच ठोकळे बदलून दुसरी फेरी घ्या. सगळं मिळून सव्वा तास लागतो.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. ठोकळा उघडला की मुलं आपला अंदाज गुपचूप खोडून खऱ्यासारखा करतात. बारावीपर्यंत चूक म्हणजे गुण गेले हेच शिकलेली मुलं आहेत ती, त्यांना दोष देऊ नका. अंदाज पेनने काढायला लावा, आणि ठोकळा उघडण्याआधी जोडीदाराची सही घ्या. अंदाज चुकला म्हणून गुण कापले जाणार नाहीत हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा आणि पाळा.

यानंतर तुमचं मॉडेलचं काम बंद करायची गरज नाही. ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या सूचनांमध्ये, एक अट घाला: मॉडेल दोन भागांत उघडलं पाहिजे, आणि ते कुठून उघडेल याचा १:५० चा सेक्शन तपासून घेतल्याशिवाय बोर्डला कटर लावायचा नाही. एवढ्या एका अटीने मॉडेल आणि सेक्शन एकमेकांत अडकतात. जिन्यामधून चीर घेतली तर जिना समजून घ्यावा लागतो, भिंतीला समांतर नुसती मोकळी जागा कापली तर मॉडेल उघडण्यात काही मजाच राहत नाही, हे मुलांना स्वतःच कळतं.

जिन्याचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द त्यावर. मजल्याची उंची ३ मी., पायरीची उंची म्हणजे चढ १५० मिमी, पायरीची रुंदी ३०० मिमी. सरळ जिना किती लांब? सगळा वर्ग म्हणतो ६ मी., कारण २० गुणिले ३००. उत्तर ५.७ मी. आहे. चढ २० असले तरी आडव्या पायऱ्या १९च लागतात. विसावी पायरी म्हणजे वरच्या मजल्याची जमीनच. हे कितीही वेळा सांगा, पुढच्या शीटवर पुन्हा ६ मी. येतं. त्याऐवजी मुलांना कॉलेजच्या जिन्यावर न्या. आधी लांबीचा अंदाज कागदावर, मग एकाने चढ मोजायचे, दुसऱ्याने आडव्या पायऱ्या. दोघांचे आकडे एकाने वेगळे येतात, भांडण होतं, आणि त्या भांडणातून कळलेलं विसरत नाही.

दुसरी चूक याहून मजेशीर आहे. मध्ये वळणारा जिना दिला की मुलं मधल्या चौकाखालून, म्हणजे जिना वळतो तिथल्या सपाट जागेखालून, दार काढतात. त्यांना १:२० मापात जाड कागदाची पट्टी घडी घालून जिना करायला लावा: चढ ७.५ मिमी, पायरी १५ मिमी. सोबत १.७ मी. उंचीचा कागदी माणूस, म्हणजे ८५ मिमी. दहा चढ झाल्यावर मधला चौक येतो ७५ मिमीवर. माणूस चौकाखाली उभाच राहत नाही, आणि चौकाची जाडी तर अजून धरलेलीच नाही. पुढे 'हेडरूम', म्हणजे डोक्यावरची मोकळी उंची, हा शब्द उच्चारला की वर्गाला तो कागदी माणूस आठवतो. दोन चढ आणि एक पायरी यांची बेरीज साधारण ६०० ते ६४० मिमी ठेवतात; या नियमाचं मूळ सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लाँदेल या वास्तुविशारदाकडे जातं. तो नियम सांगायची वेळ हीच. त्याआधी सांगितला तर ते पाठ करायचं आणखी एक सूत्र होतं.

आता तुमच्या सरांच्या म्हणण्याकडे येते. त्यांचं पूर्ण चुकलेलं नाही. सगळं मुलांनीच शोधून काढायचं, हा हट्ट पहिल्या वर्षाला महागात पडतो. नवशिक्यांना फारसं मार्गदर्शन न देता मोकळं सोडलं तर शिकणं कमी होतं, कारण काय करायचंय हे समजण्यातच त्यांची सगळी शक्ती जाते, अशी मांडणी किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६ साली जोरदारपणे केली. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण स्टुडिओत त्याचा प्रत्यय रोज येतो. पहिल्याच महिन्यात 'एका कवीसाठी विसाव्याची जागा डिझाइन करा' असं सांगितलं की ज्यांच्या घरी कुणी डिझाइनमध्ये आहे ती मुलं काहीतरी करतात, बाकीची इंटरनेटवरून चित्रं उतरवतात, आणि आपण पहिल्यांना 'टॅलेंटेड' म्हणतो.

म्हणून मी सरळ दोन भाग करते. जे माणसांनी ठरवून घेतलेलं आहे ते शोधायला लावू नका, सांगून टाका. रेघांची जाडी, उत्तरेची खूण, माप कसं लिहायचं, हॅच, शीटवर काय कुठे, हे कुणालाही विचार करून सापडणार नाही. एक शीट त्यांच्यासमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून दाखवा, मोठ्याने विचार करत: आता ही रेघ का आधी, इथे का थांबले. कटर धरणंही शोधायला लावायचं नसतं. स्टीलचीच पट्टी, कारण प्लास्टिकच्या पट्टीवर पातं चढतं आणि बोटावर येतं. मोकळा हात पात्याच्या वाटेत नाही. २ मिमी बोर्ड एका दमात न कापता तीन-चार हलक्या फेऱ्यांत. पात्याचं टोक बोथट झालं की लगेच मोडून नवं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की घसरतं. हे पहिल्या दिवशी, करून दाखवून, प्रत्येकाकडून एक कट तपासून घेऊन.

दुसरा भाग म्हणजे वस्तुस्थितीच ज्याचं उत्तर देते ते: माप, प्रमाण, भार, उजेड, हालचाल. हे आधी सांगितलं तर वाया जातं. सगळ्यांना एकमेकांपासून ३ मी. अंतरावर उभं राहायला सांगा आणि मग टेप लावा. अंतरं किती वेगवेगळी निघतात ते पाहूनच खोलीच्या मापांवर बोलणं सुरू करा. जमिनीवर कागदी चिकटपट्टीने खोली आखा, दार ९०० मिमी, पलंग, टेबल, आणि तिच्यात चालायला लावा. इथे भिंतीची जाडी विसरली जाते. पट्टी म्हणजे भिंतीची आतली कड की बाहेरची, हे आखण्याआधीच ठरवून घ्या, नाहीतर ३ मी.ची खोली २०० मिमीच्या भिंतींनी २.६ मी.ची होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. अर्थात ती चूक होऊ दिली तरी चालेल, मोजायला वेळ ठेवला असेल तर.

भाराचा सराव बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइन शाळेतून घ्यावा. तिथले शिक्षक योझेफ आल्बर्स १९२० च्या दशकात पहिल्या वर्षाच्या मुलांना नुसता कागद द्यायचे आणि कमीत कमी वाया घालवत त्यातून काय निघतं ते बघायला सांगायचे. तुम्ही ८० जीएसएमचे दोन ए-४ कागद द्या, प्रत्येकी ५ ग्रॅम. गोंद नाही. २०० मिमीचं अंतर ओलांडायचं. मधोमध बाटली टांगून त्यात मोजपात्राने पाणी ओतायचं. १ मिलि म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे आकडे आपोआप मिळतात. ओतण्याआधी प्रत्येकाने कागदावर खूण करायची की कुठे आणि कसं मोडेल. सपाट कागद स्वतःच्या वजनानेच झोळतो, घडीचा कागद उभा राहतो, इथपर्यंत सगळे पोचतात. पण घड्यांचा पूल बहुतेक वेळा मधून तुटत नाही. टेकूपाशी घड्या फाकतात आणि कागद पुन्हा सपाट होतो. टोकं कागदाच्याच पट्टीने बांधली की तोच पूल जास्त पाणी पेलतो. म्हणून दुसरी फेरी हवीच. एका फेरीवर थांबलात तर ती नुसती स्पर्धा होते, जिंकणारा गट टाळ्या घेतो आणि बाकीच्यांनी काय शिकायचं ते राहून जातं.

वेळेबद्दल एक इशारा. करण्याचा भाग नेहमी लांबतो आणि शेवटची पंधरा मिनिटं खातो, आणि पडताळा असतो तो त्याच पंधरा मिनिटांत. गजर लावा. काम अर्धवट असलं तरी थांबवा. मुलं कुरकुरतील, अर्धवट मॉडेल शेल्फवर ठेवायला त्यांना लाज वाटते. पूर्ण करण्याचा हा सोस पुढे रात्र-रात्र जागण्यात बदलतो. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत शेवटच्या क्षणी ड्रॉइंगं गोळा करायला गाडा फिरायचा. त्या गाड्याचं नाव 'शारेत' आजही डेडलाइनआधीच्या धावपळीला चिकटलेलं आहे. तेवढी परंपरा जपली नाही तरी चालेल.

फीडबॅक फॉर्म तुम्हाला लागलाय, ते पत्रात दिसतं. २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सक्रिय पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं. सफाईदार लेक्चर ऐकताना समजल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना फक्त धडपड जाणवते. त्याआधी २०१४ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली होती, तिच्यात निव्वळ लेक्चरच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि सक्रिय वर्गांत सुमारे २२ टक्के निघालं. हे आकडे डिझाइन स्टुडिओचे नाहीत, त्यांच्या जोरावर सरांशी वाद घालू नका. पण मुलांना पहिल्या आठवड्यात हे जरूर सांगा: तुम्हाला इथे अडखळल्यासारखं वाटेल, ते ठरवून आहे.

तरीही तो अभिप्राय मी झटकून टाकणार नाही. 'मॅडम शिकवत नाहीत' यात एक खरी तक्रार आहे: केल्यानंतर कुणी नीट जुळवून दिलं नाही. ते दहा-बारा मिनिटांचं लेक्चर हेच त्याचं उत्तर. ते टाळू नका, आणि ते तुम्हीच द्या. मुलांच्या सादरीकरणांवर ते सोपवू नका. पहिल्या वर्षाच्या मुलाने पहिल्या वर्षाच्या मुलांना इंटरनेटवरून उतरवलेल्या स्लाइड वाचून दाखवणं हे लेक्चरच असतं, फक्त वाईट.

जिथे लेक्चर अटळच आहे, म्हणजे बांधकाम साहित्य, इतिहास वगैरे, तिथे हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्रासाठी वापरात आणलेली युक्ती चालते. नेमका एक प्रश्न, चार पर्याय. उदाहरणार्थ: प्लॅन जमिनीपासून १.२ मी. उंचीवर चिरलेला आहे आणि खिडकीची खालची कड १.८ मी.वर आहे, प्लॅनमध्ये ही खिडकी कशी दिसेल? अजिबात नाही, नेहमीसारखी, तुटक रेषेने, की फक्त काच? सगळ्यांनी एकाच वेळी, हात छातीशी धरून, बोटांनी उत्तर द्यायचं, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटं आणि पुन्हा मतदान. त्याहून कमी असतील तर त्यांच्याकडे वाद घालायला काही नाही, पुन्हा समजावून सांगा. जास्त असतील तर पुढे चला.

पाच-सहाच मुलं बोलतात, याचा हिशोब करून बघा. ४० जणांची शीट भिंतीवर, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं. तुमचा स्टुडिओच १८० मिनिटांचा आहे. टेबलाटेबलावर जाऊन बोललात तर तुमच्या वाट्याला २० मुलं, प्रत्येकी नऊ मिनिटं, आणि उरलेली १७१ मिनिटं प्रत्येक मुलगा वाट बघत बसलेला. शिवाय तुम्ही तेच वाक्य चौदा वेळा बोलणार. त्याऐवजी चौघांचा गट, प्रत्येक गटाला २५ मिनिटं, पाच गटांची १२५ झाली. चौघांच्या शीट एकत्र, आणि नियम एकच: आपल्या शीटबद्दल आपण बोलायचं नाही, शेजाऱ्याची शीट वाचून दाखवायची. 'इथून आत आलो, डावीकडे तीन पायऱ्या वर...' जिथे वाचणारा अडखळतो किंवा चुकीचं वाचतो तिथे ड्रॉइंग कमी पडलंय, आणि ते काढणाऱ्याला आपोआप ऐकू येतं. 'छान', 'सुंदर', 'आवडलं' हे शब्द बंद. तुम्ही शेवटी बोला. शिक्षक आधी बोलला की चर्चा संपते आणि उतरवून घेणं सुरू होतं.

गटाने मॉडेल करायचंच असेल तर तिघांचा गट पुरे. मोठ्या गटात ज्याचा हात सफाईचा तो सेमिस्टरभर कापतो, दुसरा सेमिस्टरभर साहित्य आणतो. कामं दर आठवड्याला फिरवा, आणि गटाच्या मॉडेलचा सेक्शन मात्र तिघांनीही वेगवेगळा, वेगवेगळ्या चिरेवरून काढायचा.

गुणांचं गणित बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. सगळे गुण शेवटच्या शीटला असतील तर मुलं अंदाज, लाल रेघा वगैरे तुमच्या समाधानासाठी करतील. अंतर्गत गुणांतले ३०-४० टक्के अंदाज आणि दुरुस्तीच्या पानांना द्या. शीटची संख्या ठरलेली असेल तर अडचण नाही: अंदाज, खरा सेक्शन आणि लाल दुरुस्ती एकत्र मांडली की एक शीट होते, आणि बाहेरच्या परीक्षकाला ती सफाईदार शीटपेक्षा जास्त सांगते.

तर लेक्चरकडे परत जायचं का? सगळं परत फिरवू नका, आणि वर लिहिलेलं सगळं एकदम आणूही नका. पुढच्या सेमिस्टरला सेक्शनचे ठोकळे आणि चौघांचे गट, एवढंच. सहा आठवड्यांनी एक छोटी चाचणी घ्या: न पाहिलेल्या इमारतीचा प्लॅन आणि एलिव्हेशन देऊन सेक्शन काढा. यंदाच्या निम्म्या वर्गाशी तो आकडा ताडून बघता येईल. ठोकळे उघडल्यानंतरचं ते बारा मिनिटांचं लेक्चर पहिल्या वेळी सरांना द्यायला सांगा. पाया पक्का करायचा ना, मग तो त्यांच्याच तोंडून होऊ दे. मुलं आधीच पेचात अडकलेली असताना फळ्यासमोर उभं राहिलं की कशी ऐकतात, हे त्यांनी एकदा अनुभवलं तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

राहिला तो न बोलणारा मुलगा. त्याला बोलतं करायच्या मागे लागू नका. त्याची अंदाजाची पानं मागून घ्या आणि बघा. तो गप्प आहे पण अंदाज दर आठवड्याला खऱ्याच्या जवळ जात असतील तर त्याचं चाललंय ते ठीक चाललंय. पानं कोरी असतील तर त्याला गर्दीत प्रश्न विचारू नका. स्टुडिओ सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी बोलवा, एक ठोकळा आणि काडी हातात द्या, आणि समोर बसून तुम्हीही तुमचा अंदाज काढा.